डब्यातली चिठ्ठी आणि आपली चळवळ



गेल्या डिसेंबरात, महापरिनिर्वाण दिनानंतरच्या आठवड्यात, तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही कॉलेजच्या मुला-मुलींचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. साठेक पोरं होती. कुणी नळदुर्गचं, कुणी उमरग्याचं, कुणी पार भूम-परंड्याकडून दोन एसट्या बदलून आलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्नोत्तरं होती. पोरं तोंडावर विचारायला लाजतात म्हणून आम्ही बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, आम्ही वाचून उत्तर द्यायचं.

शिष्यवृत्ती, आरक्षण, आंतरजातीय लग्न, विपश्यना असे प्रश्न आले. मग एक चिठ्ठी आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या हातात पडली. त्यांनी ती मनात वाचली, कपाळाला आठी घातली आणि माझ्याकडे सरकवली. वहीच्या कागदावर निळ्या पेनानं लिहिलं होतं, की मला मुलगाही आवडतो आणि मुलगीही आवडते, घरचे लग्नाचं बघत आहेत, मी बौद्ध आहे, मी काय करू?

दादा हळूच म्हणाले, "ताई, हे घेऊ नका. हे श्रीमंतांच्या पोरांचे चाळे. आपलं शिबिर कशासाठी, आणि हे काय!" त्यांनी चिठ्ठी परत घेतली, दोन तुकडे केले आणि खिशात घातली. पुढची चिठ्ठी ईबीसी सवलतीबद्दल होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

मी गप्प बसले. समाजशास्त्रात एम. ए. केलेली, दहा वर्षं गावोगाव बाईच्या हक्कांवर बोलणारी मी त्या साठ पोरांसमोर गप्प बसले. दादांवर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते माणूस म्हणून चांगले आहेत, अट्रॉसिटीच्या केसमध्ये रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात उभे राहणारे आहेत. मला माझ्या गप्प बसण्याचा हिशेब द्यायचा आहे.

मी गप्प बसले, कारण तो प्रश्न माझाच होता.

आम्ही दोघी हसलो

2009 ची गोष्ट. मी वीस वर्षांची, धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) बी. ए. करत होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. लोहारा तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावठाणातून आलेली. माझ्या खोलीत कळंबकडची एक मुलगी होती. तीही आपल्याच समाजातली. शिष्यवृत्ती कधी वेळेवर यायची नाही, म्हणून आम्ही मेसचा एकच डबा लावायचो आणि दोघीत खायचो. 14 एप्रिलला एकमेकींच्या पांढऱ्या साड्यांच्या निऱ्या नीट करून मिरवणुकीला जायचो. कधी ती मैत्री होती आणि कधी ती मैत्रीच्या पलीकडे गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं, की वर्षभर आम्ही एकमेकींवर प्रेम केलं. त्याला प्रेम म्हणायचं हेही तेव्हा कळत नव्हतं.

कुणाला संशय आला नाही. दोन मुली एका ताटात जेवतात, एका पांघरुणात झोपतात, यात आपल्याकडे कुणाला काही दिसत नाही. मुलगा-मुलगी एसटी स्टँडवर पाच मिनिटं बोलली तर गावभर होतं. बाईला स्वतःची इच्छा असते हेच मान्य नसलेल्या समाजात दोन बायकांची इच्छा दिसणार तरी कशी?

त्याच वर्षी जुलैत दिल्ली उच्च न्यायालयानं नाझ फाउंडेशनच्या खटल्यात कलम 377 बद्दलचा निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी संमतीनं ठेवलेले समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, असा. सकाळी पेपर मेसमध्ये आला. एकीनं बातमी मोठ्यानं वाचली आणि हशा पिकला. कुणी म्हणालं, आता कलियुग आलं. कुणी वर्गातल्या एका नाजूक मुलाचं नाव घेतलं. आम्ही दोघीही हसलो. मला आठवतं, मी जरा जास्तच मोठ्यानं हसले. त्या दिवशी रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या भावाच्या हाती माझी पत्रं लागली. भाऊ जयंती मंडळात पुढे असायचा, भाषणं चांगली करायचा. बहिणीला मात्र त्यानं मारलं. तिचं कॉलेज बंद झालं. दोन महिन्यांत लग्न लागलं, तेही त्रिशरण-पंचशील घेऊन, बाबासाहेबांच्या फोटोसमोर. मला निमंत्रण नव्हतं. ती पुढं काय झाली हे मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आयुष्य आहे.

मग ते खोटं होतं का?

एम. ए. ला मी औरंगाबादला गेले. तिथं माझ्या वर्गातला एक मुलगा मला आवडला, मनापासून आवडला. आणि माझी फार मोठी पंचाईत झाली. मुलगा आवडतो, म्हणजे आधीचं खोटं होतं? की हेच खोटं आहे, आणि मी लोकलाजेसाठी स्वतःला फसवते आहे? कुणाला विचारणार? मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, वयात होतं असं, सोडून दे. तोवर माझ्या कानावर समलैंगिक हा शब्द आला होता, पण मी त्यातही बसत नव्हते.

माझ्यासाठी शब्द आहे हे मला वाचनालयात कळलं. बायसेक्शुअल. मराठीत काही जण उभयलिंगी म्हणतात, पण त्यानं घोटाळा होतो. शरीरात दोन्ही लिंगांची लक्षणं असणं वेगळं आणि मनाला दोन्हीकडची ओढ असणं वेगळं. मी उभयलैंगिक म्हणते. अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी यांनी 1948 साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावर ग्रंथ काढला. त्यात त्यांनी 0 ते 6 अशी एक पट्टी मांडली. 0 म्हणजे ओढ फक्त भिन्न लिंगाकडे, 6 म्हणजे फक्त समान लिंगाकडे आणि मधल्या आकड्यांवर दोन्हीकडची कमी-जास्त ओढ. 1953 साली त्यांचा स्त्रियांवरचा ग्रंथ आला. त्यांच्या पाहणीच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. पण माणसांचे दोनच कप्पे नसतात ही गोष्ट माझ्यासाठी पुरेशी होती. मी मधे कुठंतरी होते. खोटं काहीच नव्हतं.

त्या मुलाला मी सगळं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "तू मला फसवलं नाहीस, हे महत्त्वाचं." आज तो माझा नवरा आहे. हा लेख छापायच्या आधी त्यानं वाचला आहे.

मला सोपं गेलं, हे मी कबूल करते. उभयलैंगिक माणसाला समाज नेमकं हेच सांगतो, की तुला दोन्ही चालतं ना, मग गुपचूप सरळ लग्न कर आणि सुटका करून घे. मी मुलाच्या प्रेमात पडले म्हणून लोकांच्या लेखी 'सुधारले'. माझी ओढ पुन्हा एखाद्या मुलीकडे गेली असती तर? जो समाज फक्त आपल्या सोयीच्या निवडीला निवड म्हणतो, त्यानं निवड दिलेलीच नसते.

'प्रयोग' म्हणून झटकून टाकणं

आजच्या कॉलेजातली परिस्थिती आमच्यासारखी राहिली नाही. मोबाइल आला. कळंबच्या पोरालाही रील्समध्ये सगळे शब्द दिसतात. म्हणून मोठी माणसं म्हणतात, बघून बघून पोरं प्रयोग करायला लागली, फॅशन झाली.

माझ्याकडे बोलायला येणाऱ्या मुला-मुलींवरून मला दिसतं ते वेगळं आहे. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी दाब आहे. घरून दाब येतो तो लग्नाचा. मुलीला बारावी झाली की स्थळं सुरू होतात. मुलाला नोकरी नाही म्हणून टोमणे, आणि चालण्या-बोलण्यात जरा मऊपणा दिसला की बायल्या, छक्का हे शब्द. पुण्या-मुंबईला शिकायला गेलं की दुसरा दाब सुरू होतो: तू नक्की कोण ते ठरव, जाहीर कर, घरी सांगून टाक. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला स्वतःचंच पुरतं कळलेलं नसतं, आणि घरी सांगितलं तर शिक्षणाचा पैसा बंद होईल, राहायला छप्पर उरणार नाही, हे शहरातल्या मित्राला दिसत नाही. ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याचं धाडस आणि ज्याचा बाप ऊसतोडीला जातो त्याचं धाडस एका मापानं मोजू नका.

म्हणून मी पोरांना सांगते, शोध घेण्यात गुन्हा नाही. कुणाला ओढ वाटली, ती पुढं टिकली, कुणाची नाही टिकली. दोन्ही खरं असू शकतं. पण 'प्रयोग' या शब्दाआड दोन गोष्टी लपवू नका. एक, समोरचा माणूस प्रयोगाचं साहित्य नाही. त्याची संमती लागते, आणि मित्रांच्या पैजेपायी, दारूच्या नशेत किंवा सीनियरच्या धाकानं झालेली गोष्ट संमती नसते. दुसरी, स्वतःच्या प्रेमाला भीतीपोटी 'प्रयोग' म्हणून नाकारू नका. मी ते केलं. मेसमध्ये मोठ्यानं हसले तेव्हा मी तेच केलं.

आपल्यातले चार आक्षेप

आता चळवळीतल्या मित्रांशी बोलते. हा विषय निघाला की चार गोष्टी ऐकायला मिळतात.

पहिली: हे श्रीमंतांचं, पुण्या-मुंबईच्या सवर्णांचं खूळ आहे. असं वाटण्याला कारण आहे. मराठीत या विषयावर जे गाजलं ते बघा. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली रंगमंचावर आलं. त्यात स्वातंत्र्यापूर्वीच्या पुण्यातलं कॉलेज आहे. मित्रा आहे, आणि मित्रा व एक तरुण या दोघांच्या मधे हेलकावे खाणारी नमा आहे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. ती घरं आपली नाहीत. समाजकल्याणच्या वसतिगृहातली, एका डब्यात दोघींनी जेवणारी गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून ती घडतच नाही असं होत नाही. दलित साहित्य येईपर्यंत आपली भूकही मराठी पुस्तकांत नव्हती. म्हणून काय आपण उपाशी नव्हतो?

आणि जातीचा या प्रश्नाशी संबंध नाही, असं तर आपण म्हणूच शकत नाही. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा ती चौकट टिकवण्यासाठी उभ्या राहिल्या, अशी त्याची मांडणी. म्हणजे जात टिकते ती कुणी कुणावर प्रेम करायचं यावर पहारा बसवून. त्या पहाऱ्यात फक्त परजातीचा मुलगाच अडतो असं नाही. लग्नाच्या साच्यात न बसणारी प्रत्येक ओढ अडते. माझ्या मैत्रिणीच्या भावानं पत्रं सापडल्यावर जे केलं, ते मुलगी परजातीत गेली म्हणून बाप करतो त्यापेक्षा काय वेगळं होतं?

दुसरा आक्षेप धम्माचा. तिसरं शील मोडतं, असं म्हणतात. आपण विहारात तिसरं शील घेतो ते कामवासनेतील मिथ्याचारापासून दूर राहण्याचं. मिथ्याचार म्हणजे काय, हे विचारा. जबरदस्ती, फसवणूक, दुसऱ्याचा विश्वासघात. पुरुषानं बायकोला फसवून दुसऱ्या बाईकडे जाणं शीलभंग आहे, आणि दुसऱ्या पुरुषाकडे जाणंही तेवढाच शीलभंग आहे. भिक्षूंच्या विनयात समलिंगी संबंधांना मनाई आहे हे खरं. तिथं स्त्रीशी संबंधालाही मनाई आहे, कारण भिक्षूनं ब्रह्मचर्य घेतलेलं असतं. तो नियम उपासक-उपासिकेला लावायचा असेल तर आपली सगळ्यांचीच लग्नं मोडावी लागतील. म्हणून शीलाची कसोटी मी अशी लावते: यात कुणाची फसवणूक आहे का? कुणाला इजा आहे का? घरच्यांच्या दाबाखाली मनात ओढ नसताना एखाद्या मुलीशी लग्न लावून तिला आयुष्यभर अंधारात ठेवणं, हे या कसोटीवर जास्त अडचणीचं आहे. त्या मुलीचा विचार आपण कधी करतो?

तिसरा: बाबासाहेब यावर काय म्हणाले? इथं मला 1934 सालचा खटला आठवतो. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. संततिनियमन, लैंगिक आरोग्य यावर वाचक प्रश्न पाठवत, कर्वे उत्तरं छापत. त्यात हस्तमैथुनाबद्दल, समलैंगिकतेबद्दल प्रश्न असत. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरला. कर्व्यांच्या बाजूनं मुंबईच्या कोर्टात वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे, तर वाचकांच्या प्रश्नांना उत्तर का देऊ नये? एखाद्याला ती विकृती वाटत असली तरी ती ज्ञानानंच दूर होईल, प्रश्न दाबून नाही. हॅवलॉक एलिस या अभ्यासकाच्या संशोधनाचा दाखला त्यांनी दिला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार या सगळ्या धामधुमीच्या वर्षांत बाबासाहेबांनी ही केस घेतली. हे आपलं काम नाही, असं ते म्हणाले नाहीत.

बाबासाहेबांच्या तोंडी आपलं मत घालू नये, हेही सांगते. तो खटला समलैंगिकांच्या हक्कांचा नव्हता, ज्ञान देण्याच्या स्वातंत्र्याचा होता. पण शिबिरातल्या त्या दुपारी प्रश्नही तेवढाच होता. एका वाचकानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळावं म्हणून बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. आणि आम्ही, त्यांच्या फोटोखाली बसून, चिठ्ठी फाडली.

चौथा आक्षेप: आधी जातीअंत, मग हे. शिवाय समाजाची बदनामी होईल. स्त्रियांच्या हक्काबद्दलही असंच म्हणत होते, आधी देश, आधी राज्यघटना, हिंदू कोड बिल नंतर बघू. सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत ते रखडवलेलं बिल होतं. आणि बदनामीचं म्हणाल, तर ज्यांना आपली बदनामी करायची ते निमित्त शोधत बसत नाहीत. उलट आपल्या चळवळीनं या बाबतीत पाऊल टाकलेलं आहे. दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्री-कार्यकर्तीला वंचित बहुजन आघाडीनं प्रवक्तेपदी बसवलं. व्यासपीठावर जे जमतं ते गावच्या शिबिरात का जमू नये?

करायचं काय?

कायदा आता कुठं आहे हे कार्यकर्त्यांना माहीत पाहिजे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. त्या निकालाचा कणा आहे संविधानिक नैतिकता. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मांडलेली ती कल्पना. बहुसंख्यांना काय आवडतं यावर एकट्या माणसाचा हक्क ठरत नाही, हा त्यातून न्यायालयानं काढलेला अर्थ. समलिंगी विवाहाला मात्र ऑक्टोबर 2023 च्या निकालात मान्यता मिळाली नाही. तो लढा बाकी आहे.

कॉलेजमध्ये लैंगिक कलावरून छळणं हे रॅगिंग आहे. यूजीसीनं 2016 च्या दुरुस्तीत ते स्पष्ट लिहिलं, जात आणि रंगाच्या बरोबरीनं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारात लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. आणि 'बरं करून देतो' म्हणणारे डॉक्टर? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असल्या 'कन्व्हर्जन थेरपी'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. देवऋषी, अंगारे, 'लग्न केलं की सरळ होईल' हे त्याच जातीचे उपाय.

तुमच्याकडे असं कुणी आलं तर चार गोष्टी पाळा. त्याचं ऐकून घ्या आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नका, घरच्यांना तर नाहीच. त्याच्यावर शिक्का मारण्याची घाई करू नका. ॲपवर ओळख काढून, एकांतात बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. अशा वेळी पोराला दटावू नका, त्याच्यासोबत पोलिसांत जा. तो जिवाचं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, तो लावून द्या.

त्या चिठ्ठीचा धनी मुलगा होता की मुलगी, मला माहीत नाही. शिबिर संपलं तेव्हा मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे जय भीम म्हणून टेम्पोत बसले. त्यानं किंवा तिनं हे वाचलं तर माझं उत्तर आहे: तुझ्यात काही बिघडलेलं नाही. तू बौद्ध आहेस आणि तुला दोघंही आवडतात, यात विसंगती नाही. लग्नाची घाई करू नकोस. आधी शिक, स्वतःच्या पायावर उभा राहा, उभी राहा. ज्याच्याशी किंवा जिच्याशी संसार करशील, त्या माणसाला फसवू नकोस. हे उत्तर द्यायला मला उशीर झाला, त्याबद्दल माफ कर.

दादांना हा लेख मी आधी पाठवला होता. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला. त्यांना सगळं पटलेलं नाही. पण यंदाच्या शिबिरात डबा ठेवायचा का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ठेवा. चिठ्ठ्या तुम्ही वाचा."

मी वाचणार आहे, सगळ्या, मोठ्यानं.

जय भीम! नमो बुद्धाय!